बोर्ड नसताना एआरएम लिनक्स : लॅपटॉपवर बांधा, क्यूएमूत चालवा

कुडाळ, मालवण, रत्नागिरी, चिपळूण, कुठल्याही पॉलिटेक्निकचा विद्यार्थी एम्बेडेड लिनक्सबद्दल विचारायला आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, बोर्ड कुठला घेऊ?" माझं उत्तर असतं, आत्ता कुठलाच नको. बोर्ड घेतला की आधी पॉवर सप्लाय, मग मेमरी कार्ड, मग सिरियल केबल, आणि एवढं करून स्क्रीन काळी राहिली तर दोष कार्डाचा, केबलचा की आपण बांधलेल्या कर्नलचा (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा), हे नवशिक्याला कळायला मार्ग नसतो. क्यूएमू या एम्युलेटरमध्ये (एका संगणकात दुसऱ्याची नक्कल उभी करणाऱ्या प्रोग्राममध्ये) केबल नाही आणि कार्डही नाही. बूट झालं नाही तर चूक आपण बांधलेल्या वस्तूत किंवा आपण दिलेल्या कमांडमध्येच असते, आणि बहुतेक वेळा कर्नल स्वतःच सांगतो की ती कुठे आहे.

हा लेख ज्यांनी लिनक्सचं टर्मिनल थोडंफार वापरलंय पण कर्नल कधी बांधलेला नाही, त्यांच्यासाठी आहे. शेवटी आपल्या हातात एआरएम ६४-बिटची एक छोटी लिनक्स प्रणाली असेल, सगळी आपण बांधलेली, आणि ती आपल्याच साध्या इंटेल किंवा एएमडीच्या लॅपटॉपवर बूट होईल.

कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. कीबोर्डवर त्या रोमन लिपीत आणि, वेगळं सांगितलं नसेल तर, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. क्यूएमूचं स्पेलिंग क्यू-ई-एम-यू, आणि एआर्च६४ मध्ये सुरुवातीला ए दोनदा येतो.

आपण बांधणार काय

आपल्या लॅपटॉपचा प्रोसेसर एक्स८६ जातीचा. मोबाइल, राउटर, रास्पबेरी पाय यांचा एआरएम जातीचा. दोघांची यंत्रभाषा वेगळी. म्हणून लॅपटॉपवर चालेल पण कोड एआरएमचा काढेल असा कंपायलर लागतो, त्याला क्रॉस-कंपायलर म्हणतात. देवगडात पेटी भरणारा आंबा अढीतला पिकलेला घेत नाही, वाशीला पोचून उघडेपर्यंत तयार होईल असा घेतो. इथे खायचा विचार करून भरली तर पेटी तिकडे वाया जाते. क्रॉस-कंपायलिंगमधल्या निम्म्या चुका याच प्रकारच्या असतात : वस्तू इथली भरली, उघडायची होती तिथे.

एकूण तुकडे चार. पहिला हा कंपायलर. दुसरा लिनक्स कर्नल. तिसरा बिझीबॉक्स : एलएस, कॅट, माउंट, शेल असे सुमारे चारशे छोटे प्रोग्राम एकाच फाइलमध्ये कोंबलेले. ब्रूस पेरेन्स यांनी तो १९९५ च्या सुमारास डेबियनसाठी लिहायला घेतला, कारण बूट होणारी आख्खी प्रणाली एका फ्लॉपीत बसवायची होती. चौथा तुकडा इनिट-रॅमएफएस, म्हणजे बिझीबॉक्स आणि एक छोटी स्क्रिप्ट यांचं गाठोडं. कर्नल ते मेमरीत उघडतो आणि त्यातली "इनिट" नावाची फाइल चालवतो. एवढं झालं की लिनक्स चालू झालं. डेस्कटॉप, लॉगिन, पॅकेज मॅनेजर ही सगळी त्यावरची सजावट.

क्यूएमू फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये सुरू केला. तो एआरएमच्या सूचना चालता चालता एक्स८६ च्या सूचनांत बदलतो. त्यामुळे वेग कमी असतो, पण आपली एवढीशी प्रणाली जुन्या लॅपटॉपवरही काही सेकंदांत प्रॉम्प्टपर्यंत येते.

लाईट, रेंज आणि जागा

पुण्यात बसून लिहिलेल्या मार्गदर्शकांत हा भाग नसतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा.

आधी डाउनलोड. कर्नलचा सोर्स गिट क्लोनने घेऊ नका. पूर्ण इतिहासासकट तो काही जीबींचा आहे, आणि मध्येच रेंज गेली तर क्लोन जिथे तुटला तिथून पुढे चालू होत नाही, पहिल्यापासून सुरू होतो. त्यापेक्षा कर्नल डॉट ऑर्गवरून दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीचा, उदाहरणार्थ ६.६ किंवा ६.१२ चा, टारबॉल (सगळा सोर्स दाबून भरलेली एकच फाइल) घ्या. तो दीडशे एमबीच्या आतबाहेर असतो. घेताना :

डब्ल्यूगेट -सी (आणि पुढे टारबॉलचा पत्ता)

या "-सी" मुळे तुटलेलं डाउनलोड तुटल्या जागेपासून पुढे चालतं. बिझीबॉक्सचा टारबॉल तर अडीच एमबीच्या आसपास, तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चहा होईतो येतो. गणपतीत चाकरमानी गावात आले की टॉवरवर जो ताण येतो तो सगळ्यांना ठाऊक आहे. त्या आठवड्यात डाउनलोड पहाटे लावा, किंवा आधीच उरकून ठेवा.

मग जागा. दहा-पंधरा जीबी मोकळी हवी. चार जीबी रॅम पुरते, फक्त बांधताना एकाच वेळी फार कामं सोडू नका. सोर्समधून प्रोग्राम बांधणाऱ्या मेक या कमांडला "-जे२" दिलं की दोनच समांतर चालतात. आठ जीबी आणि चार कोर असतील तर "-जे४".

विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल२ मध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीत) उबुंटू किंवा डेबियन टाका, पण सोर्स सी ड्राइव्हवर उलगडू नका. उबुंटूच्या आतल्या होम फोल्डरमध्येच ठेवा. हा वेगाचा प्रश्न आहेच, पण खरी अडचण वेगळी आहे. कर्नलच्या नेटफिल्टर विभागात एक्सटी_टीसीपीएमएसएस नावाच्या दोन फाइली आहेत, एकीत टीसीपीएमएसएस मोठ्या अक्षरांत, दुसरीत छोट्या. लिनक्सला या दोन वेगळ्या फाइली दिसतात. विंडोजच्या ड्राइव्हला एकच दिसते, आणि उलगडताना एक दुसरीवर बसते. अशा जोड्या आणखीही आहेत. मॅकच्या नेहमीच्या डिस्कवरही हीच गत.

आता लाईट. मेक मध्येच थांबला तर पुन्हा मेक द्या. झालेलं काम तो पुन्हा करत नाही. पण बॅटरी गेलेल्या लॅपटॉपवर किंवा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर लाईट झटक्यात गेली, तर त्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल (एका सोर्स फाइलचा बांधून झालेला तुकडा) कधी कधी शून्य बाइटची उरते. मेकला वाटतं ती तयार आहे. पुढे लिंकिंगच्या, म्हणजे तुकडे जोडण्याच्या, वेळी विचित्र एरर येतो आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो. म्हणून अशा लाईट जाण्यानंतर सोर्सच्या फोल्डरमध्ये आधी हे चालवा, मगच मेक :

फाइंड . -नेम '*.ओ' -साइझ ० -डिलीट

आणि जपून काय ठेवायचं? २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांना बॅकअपचं महत्त्व सांगायची गरज उरलेली नाही, पण इथे जपण्यासारखं फार थोडं असतं : कर्नलची डॉट-कॉन्फिग फाइल (बांधणीचे निवडलेले पर्याय यात असतात), बिझीबॉक्सची डॉट-कॉन्फिग, आपली इनिट स्क्रिप्ट, आणि खाली येणारी एन्व्ह फाइल. चारही मिळून काही शे केबी. स्वतःलाच मेल करून टाका. बाकी सगळं पुन्हा उतरवता येतं, पुन्हा बांधता येतं.

कंपायलर आणि त्याची परीक्षा

डेबियन किंवा उबुंटूवर सुडो ॲप्ट इन्स्टॉलने ही पॅकेजेस घ्या : बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, सीपीआयओ, फाइल, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, जीसीसी-एआर्च६४-लिनक्स-जीएनयू आणि क्यूएमू-सिस्टिम-आर्म. शेवटच्याच्या नावात नुसतं आर्म असलं तरी ६४-बिटचा एम्युलेटर त्यातच येतो.

लगेच कर्नलला हात घालू नका. आधी पाच ओळींचा नमस्कार छापणारा सी प्रोग्राम लिहा, नाव नमस्ते.सी, आणि बांधा :

एआर्च६४-लिनक्स-जीएनयू-जीसीसी -स्टॅटिक नमस्ते.सी -ओ नमस्ते

स्टडीआयओ.एच सापडत नाही असं म्हणाला तर लिबसी६-डेव्ह-आर्म६४-क्रॉस हे पॅकेज राहिलंय. बांधला गेला तर "फाइल नमस्ते" विचारा. उत्तरात "एआरएम एआर्च६४" आणि "स्टॅटिकली लिंक्ड" (लागणारी लायब्ररी पोटातच आहे) हे दोन्ही दिसलं पाहिजे. आता तोच प्रोग्राम लॅपटॉपवर चालवून बघा. "एक्झेक फॉरमॅट एरर" आला की खूश व्हा : वस्तू तिकडची आहे, इकडे चालत नाही, हेच तर हवं होतं. (क्यूएमूचा यूजर-मोडवाला भाग मशीनवर आधीपासून असेल तर मात्र प्रोग्राम चालूनही जाईल. तेही ठीक.)

"फाइल" ही कमांड हाताशी ठेवा. पुढे प्रत्येक टप्प्यावर तिला विचारायचं आहे.

कर्नल

टारबॉल उलगडा, फोल्डरमध्ये जा. इथे दोन व्हेरिएबल लागतात, दोघांचीही नावं मोठ्या अक्षरांत. त्यांची एक छोटी फाइल करून सोर्सच्या बाहेर ठेवा, नाव एन्व्ह.एसएच :

एक्सपोर्ट आर्च=आर्म६४
एक्सपोर्ट क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-जीएनयू-

शेवटचा डॅश विसरू नका, कर्नल त्यापुढे जीसीसी चिकटवून कंपायलरचं पूर्ण नाव तयार करतो. एकाच जातीला कर्नल आर्म६४ म्हणतो आणि जीसीसी एआर्च६४ म्हणतो. दोन्ही जिथल्या तिथे तसंच लिहायचं.

फाइल कशाला, थेट एक्सपोर्ट का नको? कारण लाईट गेली, लॅपटॉप पुन्हा चालू केला, नवं टर्मिनल उघडलं की एक्सपोर्ट केलेलं सगळं गेलेलं असतं. अशा टर्मिनलवर नुसता मेक मारला तर कर्नलला वाटतं तुम्हाला एक्स८६ चं बांधायचंय. तो भराभर प्रश्न विचारू लागतो, आणि एंटर एंटर दाबत गेलात तर आधीची डॉट-कॉन्फिग मोडून ठेवतो. म्हणून सवय लावा : टर्मिनल उघडलं की पहिली ओळ "सोर्स ../एन्व्ह.एसएच". मेकने अचानक प्रश्न विचारायला सुरुवात केली तर उत्तर देऊ नका, कंट्रोल-सी दाबा आणि बघा काय विसरलंय.

मग कॉन्फिगरेशन :

मेक व्हर्टकॉन्फिग

नेहमीचा डेफकॉन्फिग एआरएमच्या शेकडो खऱ्या चिपसाठी ड्रायव्हर बांधत बसतो. आपल्याला फक्त क्यूएमूचं "व्हर्ट" नावाचं काल्पनिक मशीन हवंय. अलीकडच्या कर्नलमध्ये त्यासाठी व्हर्टकॉन्फिग आहे, त्याने बराच वेळ वाचतो. तुमच्या आवृत्तीत ते नसेल तर मेक डेफकॉन्फिग, चालेल, पण वाट जास्त बघावी लागेल. मेन्यूकॉन्फिगमध्ये शिरून पहिल्याच फेरीत पर्याय चालू-बंद करत बसण्याचा मोह टाळा. अपवाद एकच : कर्नल हॅकिंग या मेन्यूत डीबग इन्फॉर्मेशन चालू असेल तर बंद करा. डिस्कवरची जागा बरीच वाचते.

मेक -जे२ इमेज

इमेजचं पहिलं अक्षर मोठं. नुसता मेक दिला तर मॉड्यूलही (कर्नलला नंतर जोडायचे सुटे तुकडे) बांधले जातात, ते आत्ता नकोत. जुन्या दोन कोरच्या लॅपटॉपवर तास-दोन तास धरा. लॅपटॉप गादीवर ठेवून बांधू नका, खालची हवा बंद झाली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि तासाचे तीन होतात. झाल्यावर आर्च/आर्म६४/बूट या फोल्डरमध्ये इमेज नावाची फाइल दिसेल.

बिझीबॉक्स

कर्नल वेळखाऊ पण सरळ. बिझीबॉक्स दोन मिनिटांचा, पण अडवणारा.

१.३६.१ ही आवृत्ती उलगडा, एन्व्ह.एसएच सोर्स करा, मेक डेफकॉन्फिग. आता एकच गोष्ट बदलायची आहे : स्टॅटिक बांधणी. आपल्या गाठोड्यात सी लायब्ररी असणार नाही, म्हणून लागणारं सगळं बिझीबॉक्सच्या पोटातच हवं. मेन्यूकॉन्फिगमध्ये सेटिंग्ज या भागात "बिल्ड स्टॅटिक बायनरी" असा पर्याय आहे. मात्र नव्या डिस्ट्रोवर, जीसीसी १४ किंवा पुढचा असेल तर, बिझीबॉक्सचं मेन्यूकॉन्फिग एनकर्सेस (टर्मिनलवर मेन्यू काढणारी लायब्ररी) सापडत नाही म्हणून रुसतं. एनकर्सेस असतं हो. ते तपासायला वापरलेला चिमुकला सी प्रोग्राम जुन्या पद्धतीचा आहे आणि नवा कंपायलर तो नाकारतो. मेन्यूच्या मागे लागू नका. डॉट-कॉन्फिग एडिटरमध्ये उघडा, "कॉन्फिग_स्टॅटिक इज नॉट सेट" ही ओळ शोधा, आणि तिच्या जागी "कॉन्फिग_स्टॅटिक=वाय" लिहा (या फाइलमध्ये नावं मोठ्या अक्षरांत, वाय छोटा). ओळीच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढायला विसरू नका.

दुसरी अडवणूक टीसी नावाच्या प्रोग्रामची. नेटवर्कची रहदारी आखणारा हा प्रोग्राम सीबीक्यू नावाच्या जुन्या पद्धतीची नावं वापरतो, आणि ती कर्नलच्या ६.८ च्या हेडरपासून काढून टाकलेली आहेत. उबुंटू २४.०४ वर म्हणूनच बांधणी टीसी.सी या फाइलवर येऊन आपटते. आपल्याला टीसी लागत नाही. डॉट-कॉन्फिगमध्ये "कॉन्फिग_टीसी=वाय" शोधून त्याचं "एन" करा, पुढे चला.

मेक -जे२
मेक इन्स्टॉल

या इन्स्टॉलला घाबरू नका, तो तुमच्या लॅपटॉपवर काही टाकत नाही. बिझीबॉक्सच्याच फोल्डरमध्ये _इन्स्टॉल नावाचा फोल्डर तयार होतो, त्यात बिन, एसबिन, यूएसआर. "फाइल _इन्स्टॉल/बिन/बिझीबॉक्स" विचारा. पुन्हा तेच दोन शब्द दिसले पाहिजेत, एआर्च६४ आणि स्टॅटिकली. नसतील तर इथेच थांबा.

गाठोडं

_इन्स्टॉलच्या आत जा. प्रॉक, सिस आणि डेव्ह असे तीन रिकामे फोल्डर करा. मग "इनिट" नावाची फाइल, शेवटी काही एक्स्टेन्शन नाही :

#!/बिन/एसएच
माउंट -टी प्रॉक प्रॉक /प्रॉक
माउंट -टी सिसएफएस सिसएफएस /सिस
माउंट -टी डेव्हटीएमपीएफएस डेव्हटीएमपीएफएस /डेव्ह
इको "नमस्कार, मालवण"
एक्झेक सेटसिड सीटीटीहॅक /बिन/एसएच

इकोमधला मजकूर मात्र खरोखर देवनागरीत लिहा. कर्नलला त्यातलं काही कळत नाही, तो बाइट जसेच्या तसे सिरियल कन्सोलवर ढकलतो आणि अक्षरं जुळवायचं काम तुमच्या लॅपटॉपचं टर्मिनल करतं. जोडाक्षरं कशी दिसतील हे त्या टर्मिनलवर अवलंबून. पण आपण बांधलेलं लिनक्स उठतं आणि पहिलं वाक्य मराठीत बोलतं, ही मजा घेण्यासारखी आहे. शेवटच्या ओळीतले सेटसिड आणि सीटीटीहॅक नसले तरी शेल मिळतो, फक्त "जॉब कंट्रोल बंद" अशी सूचना येते आणि कंट्रोल-सी चालत नाही.

"सीएचमॉड +एक्स इनिट" करा. मग फोल्डरच्या आत उभं राहूनच गाठोडं बांधा :

फाइंड . | सीपीआयओ -ओ -एच न्यूक | जीझिप > ../इनिटआरडी.जीझेड

"-एच" मधला एच मोठा, न्यूक म्हणजे एन-ई-डब्ल्यू-सी. कर्नलला हाच प्रकार समजतो, सीपीआयओचा नेहमीचा प्रकार चालत नाही. आणि "आत उभं राहून" हे शब्दशः घ्या. एक पायरी बाहेरून बांधलंत तर गाठोड्यात इनिटच्या ऐवजी _इन्स्टॉल/इनिट जातं, आणि कर्नल ते शोधायला जात नाही.

बूट

इमेज आणि इनिटआरडी.जीझेड एका फोल्डरमध्ये आणा. सगळं एका ओळीत :

क्यूएमू-सिस्टिम-एआर्च६४ -मशीन व्हर्ट -सीपीयू कॉर्टेक्स-ए५३ -एम ५१२ -नोग्राफिक -कर्नल इमेज -इनिटआरडी इनिटआरडी.जीझेड -अपेंड "कन्सोल=टीटीवायएएमए०"

कन्सोलच्या नावात टीटीवाय छोटं, एएमए मोठं, शेवटी शून्य. पहिली ओळ "बूटिंग लिनक्स ऑन फिजिकल सीपीयू" अशी येते, मग दीड-दोनशे ओळींचा धबधबा, मग तुमचा नमस्कार आणि हॅशचा प्रॉम्प्ट. "यूनेम -एम" विचारा, एआर्च६४ म्हणेल. "पीएस" द्या : सुरुवातीला एक नंबरचा प्रोसेस तुमचा शेल, आणि त्याच्या खाली चौकटी कंसातल्या नावांचे कर्नलचे स्वतःचे.

बाहेर पडायला "पॉवरऑफ -एफ". काहीच चालत नसेल तर कंट्रोल-ए दाबून सोडा, मग एक्स. हे आधीच पाठ करा, नाहीतर टर्मिनल बंद करून पळावं लागतं.

बूट झालं नाही तर

पहिल्या फेरीत बहुतेकांचं होत नाही. खालचं नीट वाचा, कारण इथेच कळतं की चार तुकड्यांपैकी कुठला बिघडलाय.

एकही ओळ आली नाही, स्क्रीन काळी. दोन संशयित. एक, कन्सोलचं नाव चुकलंय. एक्स८६ ची सवय असलेले टीटीवायएस० लिहितात आणि कर्नल मुकाट्याने, काही न छापता बूट होऊन बसतो. दोन, "-सीपीयू" लिहायचं राहिलंय. व्हर्ट मशीनचा न सांगता मिळणारा प्रोसेसर कॉर्टेक्स-ए१५ आहे, आणि तो ३२-बिटचा. ६४-बिटचा कर्नल त्यावर एक पाऊलही टाकत नाही, तक्रारही करत नाही. दोन्ही बरोबर असूनही काळंच असेल तर अपेंडच्या अवतरणात "अर्लीकॉन" हा शब्द वाढवा, कर्नल खूप आधीपासून बोलायला लागतो.

धबधबा आला आणि शेवटी "कर्नल पॅनिक... अनेबल टू माउंट रूट एफएस". कर्नल ठीक आहे, गाठोडं ठीक नाही. एकतर "-इनिटआरडी" द्यायचं राहिलं, किंवा त्यात सगळ्यात वरच्या पातळीवर इनिट नाही (बाहेरून बांधलंत का?), किंवा प्रकार न्यूक नाही. थोडं वर सरकून "इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड" अशी ओळ आहे का बघा. ती असेल तर प्रकार किंवा जीझिप चुकलंय, नसेल तर आतली मांडणी.

"फेल्ड टू एक्झिक्यूट /इनिट" आणि पुढे कंसात एरर आणि एक उणे आकडा. नवशिके पॅनिक हा शब्द बघून घाबरतात आणि हा आकडा वाचतच नाहीत. सगळं त्या आकड्यात आहे. पॅनिकची ओळ आली असेल तर ती याच्या खाली असते, म्हणून मागे सरकून शोधा.

उणे १३ : परवानगी नाही. सीएचमॉड राहिलं. एवढंच.

उणे ८ : हे चालवण्याजोगं वाटत नाही. बिझीबॉक्स एक्स८६ चा बांधला गेलाय, म्हणजे एन्व्ह.एसएच सोर्स न करता मेक मारलंत. किंवा इनिटची पहिली ओळ, हॅश-उद्गारचिन्हवाली, नाही किंवा तिच्या आधी एखादी रिकामी ओळ आहे.

उणे २ : फाइल सापडली नाही. हा सगळ्यात फसवा, कारण इनिट तर डोळ्यांसमोर दिसत असते. सापडत नसते ती इनिटला लागणारी दुसरी फाइल. बिझीबॉक्स स्टॅटिक नसेल तर त्याला चालवणारा लोडर गाठोड्यात नाही, म्हणून उणे २. इनिट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह केली असेल तर ओळीच्या शेवटी एक अदृश्य कॅरेज-रिटर्न असू शकतं. कर्नल मग "/बिन/एसएच" च्या पुढे ते अक्षर लावून त्या नावाची फाइल शोधतो, आणि तशी फाइल जगात कुठे नसते. "फाइल इनिट" विचारलं तर ती सीआरएलएफ असल्याचं सांगेल. नॅनोमध्ये नव्याने लिहा, सुटेल.

आणि "अटेम्प्टेड टू किल इनिट". प्रॉम्प्ट आला होता, तुम्ही काम केलंत, एक्झिट टाइप केलंत, आणि पॅनिक. काही बिघडलेलं नाही. एक नंबरचा प्रोसेस मेला तर कर्नलला जगायला कारण उरत नाही. एक्झिटच्या ऐवजी पॉवरऑफ -एफ.

नेटवर्क, इंटरनेट नसतानाही

क्यूएमू न सांगता एक छोटं आतलं नेटवर्क देतो. पाहुण्या प्रणालीत, म्हणजे क्यूएमूच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये :

आयपी लिंक सेट इथ० अप
आयपी ॲड्र ॲड १०.०.२.१५/२४ डेव्ह इथ०

यात १०.०.२.२ हा पत्ता म्हणजे तुमचा लॅपटॉप. लॅपटॉपवर दुसऱ्या टर्मिनलमध्ये "पायथॉन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००" चालू करा, आणि पाहुण्यातून डब्ल्यूगेटने १०.०.२.२ च्या ८००० पोर्टवरून सुरुवातीची ती "नमस्ते" फाइल ओढा. सीएचमॉड करा, चालवा. लॅपटॉपने नाकारलेला प्रोग्राम इथे चालतो. बाहेर पाऊस कोसळतोय, टॉवर बंद, तरी हे सगळं होतं, कारण यातला एकही बाइट घराबाहेर जात नाही. पिंगने मात्र नेटवर्क तपासू नका. या नेटवर्कमध्ये बाहेरचं पिंग बऱ्याच लॅपटॉपवर चालत नाही आणि उगाच संशय येतो. नावावरून पत्ता शोधणंही स्टॅटिक बिझीबॉक्समध्ये अडतं, आकडेच वापरा.

यापुढे

एवढं हाताने एकदा केलंत की बिल्डरूट वापरा. आधी नको; आधी वापरलंत तर काम होतं, पण एरर आला की चार तुकड्यांपैकी कुठे बघायचं ते कळत नाही. बिल्डरूट कंपायलरसकट सगळं स्वतः बांधतो. क्यूएमू_एआर्च६४_व्हर्ट_डेफकॉन्फिग हे तयार कॉन्फिगरेशन त्यात आहे. त्यानंतर थेट मेक न देता "मेक सोर्स" द्या : लागणारे सगळे टारबॉल तो आधी उतरवून डीएल फोल्डरमध्ये ठेवतो, मग बांधताना इंटरनेट लागत नाही. तालुक्याच्या गावी जिथे वायफाय बरं आहे तिथे मेक सोर्स करा आणि घरी येऊन निवांत बांधा. डब्ल्यूएसएलवर बिल्डरूट "पाथमध्ये मोकळी जागा आहे" म्हणून सुरुवातीलाच थांबतो, कारण विंडोजचे प्रोग्राम फाइल्ससारखे फोल्डर त्या पाथमध्ये (प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीत) शिरलेले असतात. त्या टर्मिनलपुरता पाथ साधा करा, म्हणजे /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच ठेवा. झाल्यावर आउटपुट/इमेजेसमध्ये स्टार्ट-क्यूएमू.एसएच मिळते. ती चालवा, लॉगिन रूट, पासवर्ड नाही.

आणि एआरएमचा कंटाळा आला तर तोच कर्नलचा टारबॉल दुसऱ्या फोल्डरमध्ये उलगडून आरआयएससी-व्ही या आणखी एका प्रोसेसर-जातीसाठी बांधा. एन्व्ह फाइलमध्ये आर्च=रिस्कव्ही, उपसर्ग रिस्कव्ही६४-लिनक्स-जीएनयू-, कॉन्फिगरेशन साधं डेफकॉन्फिग. बिझीबॉक्स नव्याने बांधायचा, इनिट स्क्रिप्ट आहे तीच. एम्युलेटर क्यूएमू-सिस्टिम-रिस्कव्ही६४, मशीन पुन्हा व्हर्ट, "-सीपीयू" ची इथे गरज नाही. कन्सोल मात्र या खेपेला टीटीवायएस०, त्यातला एस मोठा.